अक्काच्या पेट्या

अन्याय झाला तो आमच्या सुतारअक्कावर. यंदा, होळीनंतरच्या मंगळवारी, सकाळी साडेअकराला, तालुक्याला, कारागीर पडताळणीच्या टेबलासमोर. मी तिच्या शेजारी उभी होते. तो व्हायला हातभारही मीच लावला.

अक्काच्या लाकडी पेटीला एकही खिळा नसे. फळ्यांची टोकं तिरपी कापून ती अशी जुळवायची, की कोपऱ्यावरचा सांधा शोधावा लागे. गिऱ्हाइकाला म्हणायची, "नख फिराव. अडकनं ते पेटी फुकट ली जाय." किराणावाल्या शेठनी त्यासाठी म्हणे महिनाभर अंगठ्याचं नख वाढवलं. शेवटी पैसे मोजूनच पेटी नेली.

शिरपूरच्या वाटेवरचं आमचं गाव. घरोघरी या पेट्या आहेत, कुणाकडे कानबाई देवीचे दागिने, कुणाकडे बांगड्या. सगळे त्यांना 'नानांच्या पेट्या' म्हणतात. नाना म्हणजे अक्काचा नवरा. ते दारं करायचे, खाटा करायचे. पेट्या अक्काच्या, गाळ्याच्या मागच्या अंगाला बसून केलेल्या. नाना बिचारे सांगायचे, "माले नही जमत त्या. हाई करस." लोक हसायचे. नवरा बायकोचं कौतुक करतोय म्हणून.

चौथा कोपरा जुळवताना ती कुणाशी बोलायची नाही. प्रत्येक काप केसाएवढा चुकला तरी चूक साठत जाते आणि शेवटचा कोपरा उघडा राहतो. "तीन कोपरा गोड बोलतस, चौथा खरं सांगस," म्हणायची. फट राहिली तर भुसा-गोंदाची लांबी भरून झाकायची नाही. चारही फळ्या चुलीत.

मग नाना गेले. गाळा सरकारी, कारागिरांसाठीचा, त्यांच्या नावावर. तो अक्काच्या नावावर व्हायला ती सुतार असल्याचा दाखला हवा. अर्ज मी भरला. मोर्चे काढणारी पोरगी मी, मला सरकारी कागद कळतो असा माझा समज. साहेबांसमोर एक वस्तू करून दाखवायची होती. अक्का म्हणाली, "खिळास्नी करस ना माय. ठोकी की व्हयनी." मी ऐकलं नाही. "तुझं खरं काम दाखव," म्हटलं.

सोमवारी तिने त्या टेबलासमोर सगळ्यांदेखत फळ्या कापल्या, गोंद लावला, सायकलच्या ट्यूबने चारी बाजूंनी आवळून बांधलं. गोंद सुकायला रात्र लागते. साहेब म्हणाले, "उद्या आणा." मंगळवारी घासूनपुसून नेली, तर टेबलावर दुसरेच साहेब. त्यांनी पेटी फिरवून फिरवून पाहिली.

"सांधा कुठाय?"

"नही दिसत, साहेब. तेच तर काम शे."

"ही काल इथं केली कशावरून? दुकानातली आणली असेल. बाई, घरात करवत कोण चालवतं?"

मी भांडले, ओरडले. अक्काने दोन्ही हात पुढे केले, घट्टे पडलेले तळवे. त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. अर्जावर 'अपात्र' लिहिलं. खिळ्यांची पेटी केली असती तर सोमवारीच दाखला घेऊन घरी आलो असतो.

गाळ्याला सील लागलं. रंधे, पटाश्या आतच. अक्का आता शिरपूरला एका जिनिंगमध्ये कापूस भरते. फेरतपासणीचा कागद घेऊन मी फाटकावर गेले. तिच्या पापण्यांवर कापसाचे तंतू होते. तिने सही केली आणि म्हणाली, "माले नही येनं तठे. आते कोनले हात नही दखाडना." मी आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

फेरतपासणी येत्या सोमवारी, अकरा वाजता, तिथेच. अर्जदार आली नाही तरी साक्षी ऐकतात. नंतर गाळ्याचा लिलाव. गाळा परत मिळेल असं मला वाटत नाही, खोटं कशाला लिहू? पण हे वाचणाऱ्या तुमच्या घरात तिची पेटी आहे. आजच रिकामी करा. सोमवारी ती घेऊन या, साहेबांच्या टेबलावर ठेवा, आणि कुणी केली असं विचारलं तर नानांचं नाव घेऊ नका.