हाफ

ड्रायव्हिंग स्कूलचे ते मास्तर एप्रिलातसुद्धा हाफ स्वेटर घालत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, पण त्यांच्या तोंडचा शब्द पाठ झाला. "क्लच हाफ." "काच हाफ घ्या." शिकवणी संपली की चहाच्या टपरीवाल्याला बोट आडवं दाखवून, "दोन हाफ."

डोळ्यांमुळे डॉक्टरांनी आमच्या यांची गाडी बंद केली, म्हणून साठीला आल्यावर मी शिकत होते. मनातून मला शिकायचंच नव्हतं. "एसटीत बायकांना हाफ तिकीट आहे की," मी एकदा मास्तरांना ऐकवलं.

"आन् साहेबांना दवाखान्यात न्यायचं झालं, तर यष्टी दारात येणार का?"

एके दिवशी मालेगाव स्टँडच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. हॉर्नचा नुसता कल्ला! मी किंचाळले. मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, भीती बी हाफच ठेवा. सगळी सोडली तर ठोकाल, सगळी धरली तर गाडी हलायची नाय."

मी पुन्हा चावी फिरवली, क्लच हळूहळू सोडला. बॉनेट थरथरलं. तेवढ्यात मास्तरांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि सीटवर चक्क मांडी घातली.

गाडी चढली. मीच चढवली!

वर टपरीपाशी थांबले तेव्हा हसू आवरत नव्हतं. मास्तरांनी सवयीने बोट आडवं धरलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते उभं केलं.

"दोन फुल."