लाइनची हेल्थ ग्रीन, आणि बाई जमिनीवर

मंडळी, संध्याकाळ झाली तरी राग जात नाहीये, म्हणून लिहून टाकते.

मी कडकोळच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. आज सकाळी पेंटिंगच्या लाइनवर काम करणाऱ्या मंजुळाक्का चक्कर येऊन पडल्या. तिथला एक्झॉस्ट फॅन आठवडाभर बंद आहे. "तले सुत्तता इदे", म्हणजे डोकं गरगरतंय, असं त्या कालपासून कन्नडमध्ये सांगत होत्या.

त्यांना दवाखान्यात पाठवून मी मीटिंगला पोचले, तर मॅनेजर स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले, "लाइन हेल्थ एकदम ग्रीन!"

"सर, त्याच लाइनवर आत्ता एक बाई पडली."

"मॅडम, इथे प्रॉडक्शनची हेल्थ चाललीय. माणसांची हेल्थ एचआर बघेल."

मी तशीच खाली गेले आणि लाइन बंद करायला लावली. सर ओरडत मागे आले. तोवर सगळ्या बायका बाहेर येऊन उभ्या होत्या. तासाभरात फॅन सुरू झाला. आठवडाभर न झालेलं काम, तासाभरात!

मंजुळाक्का आता बऱ्या आहेत. मला मात्र खुलासा मागणारा मेल आलाय.

तुमच्याकडेही बिझनेसची हेल्थ, डेटाची हेल्थ रोज तपासत असतील. शेजारी बसणाऱ्याला "बरं वाटतंय ना?" असं शेवटचं कधी विचारलं कोणी?