गर्दीबाईंचा रिकामा आठवडा

माझ्या थोरल्या नणंदेला तिच्या ऑफिसात सगळे गर्दीबाई म्हणत. सहली आखून देणारं ऑफिस. जिन्याखालच्या टेबलाशी बसून ताईने लोकांच्या युरोपवाऱ्या आखण्यात उभा जन्म काढला. तिकडच्या शाळांना वसंतात सुट्टी लागते, पण एकदम नाही. एका देशाची संपेपर्यंत शेजारच्याची सुरू. ताई भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते आठवडे रंगीत पेन्सिलींनी रंगवायची आणि उरलेल्या पांढऱ्या फटींत गिऱ्हाइकं बसवायची.

"मॅडम, आम्हाला हाच आठवडा सोयीचा आहे हो," एखादे गृहस्थ हट्ट धरायचे.

"जा की! चित्रं बघायला जाताय ना? लोकांच्या पाठी बघून परत याल."

गृहस्थ मुकाट्याने तारीख बदलायचे.

ती स्वतः मात्र कधी गेली नाही. मुलगा तिकडेच स्थायिक, सून तिकडचीच. नात चिमी फोनच्या पडद्यावरच मोठी झाली. मुलगा सुरुवातीला दरवर्षी म्हणायचा, "आई, चिमीच्या सुट्टीत ये ना." ताईचं ठरलेलं उत्तर, "जगाला नको म्हणते आणि मीच जाऊन रांगेत उभी राहू? पुढे बघू." पुढे आपल्याकडच्या शाळा सुटायच्या, ऑफिसात मान वर करायला फुरसत नसायची. राहून जायचं. मग त्याने विचारणंही सोडलं.

यंदा ऑफिसने तिचं टेबलच काढलं. लोक आता सहली फोनवर आखतात. ताई गुंडाळलेलं कॅलेंडर घेऊन तडक आमच्याकडे आली आणि तिने ते जेवणाच्या टेबलावर पसरलं.

"हे बघ वहिनी, चिमीची सुट्टी लागायच्या आधीचा आठवडा. कुठ्ठे कुठ्ठे रंग नाही! तिला घेऊन सगळं आरामात बघते."

"विमानातही तू एकटीच असशील," आमचे हे बहिणीला म्हणाले.

"जळतोस मेल्या!"

मुलाने फोनवर सांगितलं होतं, "आई, तेव्हा शाळा असेल हं तिची."

"असू दे रे. दुपारी येईलच की घरी."

तिथे पोचल्यावर कळलं, चिमी दुपारी येत नसे. शाळेनंतर पाळणाघर, मग पोहणं. अंधार पडता पडता यायची, जेवतानाच पेंगायची. मुलगा आणि सून कामावर. ताई घरात एकटी. दोन दिवस खिडकीशी बसून काढले आणि मग ती एकटीच बाहेर पडली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी चिमी जरा लवकर आली. ताईने पत्ते काढून तिला गाढवाचा डाव शिकवला, भाषा एकमेकींची येत नसताना. ताई गाढव झाली तेव्हा चिमी हसून हसून खुर्चीवरून घसरली आणि तिने पत्ते पुन्हा ताईच्या हातात कोंबले. तेवढ्यात सुनेने घड्याळाकडे बोट दाखवलं. झोपायची वेळ.

"आता सुट्टीच आहे ना तिला?" ताईने मुलाला विचारलं. "मी तिकीट पुढे ढकलते."

"आई, आम्ही उद्या समुद्रावर चाललोय, तिकडच्या आजी-आजोबांबरोबर." त्याने पत्ते गोळा केले. "तू येईनास, म्हणून मग ते नेऊ लागले. आता तिला तेच हवं असतं."

परत आल्यावर ताईने आम्हाला फोटो दाखवले. मोठमोठी दालनं, भिंतभर चित्रं, लखलखीत फरशी.

"अगं, चिटपाखरू नाही कुठे!" हे म्हणाले.

"मग? म्हटलं होतं ना!" ताईचा आवाज क्षणभर पूर्वीसारखा झाला.

"पुढच्या वर्षी सुट्टीतच जा," मी म्हणाले.

"त्या आठवड्यात घर बंद असतं त्यांचं, वहिनी."

आमची लेक पलीकडे बसून परदेशातल्या कॉलेजांचे अर्ज भरत होती. ताई तिला म्हणाली, "आईला बोलावशील ना ग? आणि गर्दीतच बोलव."

"हो ग आत्या," ती मान वर न करता म्हणाली.

शेवटचा फोटो विमानतळावरचा. सगळ्या फोटोंत चिमी तेवढ्या एकातच होती. रांगा दारापर्यंत आलेल्या, सुट्टी लागली होती. ताईने तिला घट्ट जवळ धरलं होतं आणि चिमी मान वळवून समुद्रावर जायला बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होती.