साडूंचा नारिंगी घुमट

सरळ रेषेवर आमच्या साडूंनी जेवढं प्रेम केलं तेवढं अख्ख्या नागपुरात कुणी स्वतःच्या बायकोवरही केलं नसेल. साडू आर्किटेक्ट. जी वस्तू काम करत नाही ती नको आणि जी काम करते तिच्यावर नक्षी नको, हा त्यांचा आधुनिकतावाद. त्यापायी नागपूरच्या कडेला, बेसाला त्यांनी स्वतःचं घर इतकं साधं बांधलं की पाहुण्यांना दारच सापडत नाही. दार भिंतीच्याच पांढऱ्या रंगाचं, भिंतीशी सपाट, बाहेरून कडी नाही की मूठ नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी घराला पूर्ण प्रदक्षिणा घातली आणि शेवटी शेजारणीला विचारलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "भिंत ठोकत ठोकत जा भाऊ. जिथं पोकळ वाजन तिथं दार हाय."

स्वयंपाकघरही त्यांच्या तत्त्वातून सुटलं नव्हतं. एका दिवाळीत, करंजीच्या कडेला कातण्याने नक्षी कशाला, असा प्रश्न त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला विचारला. ताईंनी एक करंजी नक्षीशिवाय तळायला सोडली. ती कढईत उकलली आणि सगळं सारण तेलात पसरलं. साडू त्या तेलाकडे बघत म्हणाले, "मग हा अलंकार नाही. हा जोड आहे. राहू द्या." माझ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका मात्र मी भाबडेपणाने त्यांच्याकडे सोपवली. त्यांनी गणपती उडवला, कलश उडवला, किनार उडवली आणि पांढऱ्याशुभ्र कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक काळ्या अक्षरांत चार ओळी ठेवल्या. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले आमचे काका पत्रिका मिळताच घरी आले, पायरीवर बसले आणि हळूच विचारलं, "केव्हा गेले? अन् कोण?" मी हे साडूंना सांगितलं, तर त्यांना आनंद झाला. म्हणाले, "म्हणजे त्यांनी लक्ष देऊन वाचली."

अशा माणसाची एकुलती एक मुलगी आर्किटेक्ट झाली आणि निघाली उत्तर-आधुनिक. तिला कमानी आवडत, गुलाबी रंग आवडे, जुन्या इमारतींतले तुकडे उचलून नव्या घरात गमतीने बसवायला आवडे. "बाबा, घराने थोडं हसायला काय हरकत आहे?" असं ती म्हणायची. "हसणारं घर मी पाहिलेलं नाही, पाहायची इच्छाही नाही," साडू म्हणायचे. तिचं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याचा बेसातला बंगला. नकाशात तिने बंगल्याला चक्क संत्र्याच्या रंगाचा घुमट काढला आणि फाटकाशी एक गुलाबी खांब उभा केला, वरून मुद्दाम मोडल्यासारखा. नकाशा पाहून साडू उठून आत गेले. त्यानंतर बापलेकीत फक्त मीठ द्या, पाणी घ्या, एवढंच बोलणं उरलं.

घुमटाचं सेंट्रिंग, म्हणजे खालचा फळ्या-टेकूंचा आधार, काढला त्या दिवशी घुमटाला आरपार भेग गेली. ठेकेदाराने हात वर केले. घुमट पाडा आणि सपाट स्लॅब टाका, असं जो तो सांगू लागला. मुलगी घरी येऊन जी खोलीत बसली ती जेवायलाही बाहेर आली नाही. साडूंच्या दृष्टीने हा तत्त्वाचा विजय होता. मला वाटलं, आता ते एखादं वाक्य बोलतील. पण सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि आम्ही दोघे साइटवर गेलो. व्यापारी तिथेच उभे होते.

"सपाट छत टाकायचं म्हणता?" साडूंनी विचारलं.

"लोक म्हणून राहिले सायेब. मले पटत नाही," व्यापारी म्हणाले. "बापानं जिंदगीभर संत्रे विकले माह्या. त्याच्या पोराचं घर पांढरंफट्ट काहून असावं?"

 गुडघे दुखत असताना साडू शिडी चढून वर गेले, भेगेवरून बोट फिरवलं आणि खाली येऊन म्हणाले, "सळ्या कमी पडल्या आहेत आणि पाणी मारलेलं नाही. डिझाइनचा दोष नाही." तो घुमट त्यांनी पाडायला लावला आणि पुन्हा घातला. काँक्रीट पडत होतं तेव्हा डोक्याला रुमाल बांधून ते उन्हात उभे होते. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. "तुम्हाला तर आवडतच नाही ना हे?" तिने विचारलं. "नाहीच आवडत," ते म्हणाले. "पण चूक करायची तर पक्की बांधावी."

वास्तुशांतीला व्यापाऱ्यांनी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "कसं वाटून राहिलं सायेब?" साडूंनी वर पाहिलं. "गळणार नाही." मुलगी हसली, आणि मग पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात निघून गेली.

आता ती पुण्याला असते. साडू संध्याकाळी फिरायला जातात ते त्या बंगल्यावरून. परवा मी सोबत होतो. फाटकाशी थांबून त्यांनी त्या मोडक्या गुलाबी खांबावर हात ठेवला.

"हा खांब काहीच उचलत नाही, माहीत आहे ना?" ते म्हणाले.

"माहीत आहे."

"लहानपणी मी काम करत असलो की तीही माझ्या टेबलाशी अशीच येऊन उभी राहायची. काही काम नसताना."

त्यांनी हात काढला नाही. मीही घाई केली नाही.