भिंगकाका आणि निळं दार

चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात बसलेल्या त्या माणसाला अख्खा बाजार भिंगकाका म्हणायचा. लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत, त्यांची थोरली बहीणही पडली नाही. दोघं दुकानावरच्या दोन खोल्यांत राहिली. शेवटची चार वर्षं ताई अंथरुणाला खिळून होती. संध्याकाळी साडेसात वाजले की तिला उशीला टेकवून बसवायचं आणि मालिका लावायची, हा काकांचा नेम. मालिका घडायची नदीकाठच्या एका जुन्या गावात. कथेत काकांना काही राम वाटत नसे, पण ताईला तिथली गल्लीन् गल्ली पाठ. "निळ्या दारातून निघालं की लगेच डावीकडे नदीच्या पायऱ्या," ती सांगायची. "मला जरा पायावर उभं राहू दे, मग जाऊ."

ते काही झालं नाही. ती गेल्यावर पाच महिन्यांनी, एका मंगळवारी, काकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि त्या गावाची सकाळची बस धरली. कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतंच कोण?

तीन कमानींचा पूल ओलांडला आणि निळं दार लगेच सापडलं. त्यावर पाटी होती : 'फोटो काढा, दार वाजवू नका.' काका डावीकडे वळले, तर समोर भिंत. भिंतीशी एक नावाडी उलट्या होडीला रंग देत बसला होता.

"पायऱ्या कुठे हो?"

"मालिकेतल्या की खऱ्या?"

"दोन दोन आहेत?"

"मालिकेतल्या? त्या गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मालिकेतली नायिका पाऊल उचलते इथं आणि टेकवते तिथं. तुम्हाला मात्र वीस मिनिटं चालावं लागेल."

"ऐकलंस का, ताई?" काका हसत मागे वळले. मागे कुणी नव्हतं. नावाड्याने मान खाली घालून तोच रंगवलेला भाग पुन्हा रंगवायला घेतला.

तेवढ्यात निळं दार उघडलं आणि कचऱ्याची बादली घेऊन एक म्हातारी बाई बाहेर आली. "फोटो झाला असेल तर बाजूला व्हा."

काकांची नजर गेली तिच्या चष्म्यावर. एक दांडी दोऱ्याने बांधलेली. आता त्यांच्याने राहवेना. "स्क्रू गेलाय त्याचा. दोन मिनिटांचं काम आहे. बसवून देऊ?"

बाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि दार थोडं जास्त उघडलं.

आत मालिकेतला दिवाणखाना नव्हता, झोपाळा नव्हता. एक अरुंद खोली, टेबल आणि टेबलावर औषधांच्या पट्ट्या. काकांनी खिशातली चपटी डबी काढली आणि कामाला लागले.

"झोपाळा शोधताय ना? सगळेच शोधतात," बाई म्हणाल्या. "तो त्यांच्या स्टुडिओत. आमचं फक्त दार. चित्रीकरण असलं की मला मागच्या खोलीत बसवतात. खोकायचीसुद्धा चोरी. एकदा शिंकले, तर चाळीस माणसांचं काम थांबलं!" त्या हसल्या आणि मग हसू ओसरलं. "रोज माझंच घर दाखवतात. सगळी दुनिया बघते. मी त्यात कुठेच नाही."

स्क्रू बसला. काकांनी भिंग उजेडाला धरलं. नंबर केव्हाचा जुना झाला असणार. त्यांनी बसचं तिकीट पुढे केलं, बाईंना ते हातभर लांब धरूनही वाचता येईना. काका तिकीट मागेपुढे सरकवत राहिले, एका कागदावर आकडे लिहीत राहिले. "नवा करून आणतो," ते म्हणाले.

"एकटेच आलात का?"

"हो," काका म्हणाले. गेल्या पाच महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सांगायची वेळही आली नव्हती. बाईंनी चहा ठेवला. दोघांनी तो प्यायला.

महिन्याभराने नवा चष्मा घेऊन काका पुन्हा गेले. या वेळी त्यांनी दाढी नीट केली होती, शर्टाला इस्त्री होती. निळ्या दाराला ताजा रंग आणि बाहेरून मोठं कुलूप.

"बाई मुलाकडे गेल्या," नावाडी म्हणाला. "अख्खं घरच भाड्याने दिलं मालिकेवाल्यांना."

"मुलगा कुठे असतो?"

"लांब. मला काही ठाऊक नाही. पण वर्षा-सहा महिन्यांनी येतील म्हणे कागदांवर सही करायला. काही द्यायचं असेल तर तेव्हा देईन."

काकांनी चष्म्याचं घर त्याच्या हातात ठेवलं. पुन्हा मागून घेतलं, काच पुसली, दांड्या उघडमीट करून पाहिल्या आणि परत दिलं. बाईंना तो मिळाला की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही.

परतीच्या बसला अवकाश होता. काका वीस मिनिटं चालत त्या दुसऱ्या टोकाच्या पायऱ्यांवर गेले. पाणी संथ होतं. शेजारच्या पायरीवर एक जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं. "काका, आमच्या दोघांचा एक काढता का?" मुलीने विचारलं.

काकांनी फोन हातात घेतला, दोघांना थोडं उजेडाकडे सरकवलं आणि एकाऐवजी तीन फोटो काढून दिले.