कुंदाताईंचा शनिवारचा वर्ग

कुंदाताई गेल्याची बातमी आमच्या संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, तेव्हा तिच्या वरचाच मेसेज अध्यक्षांचा होता : वार्षिक अहवाल छापून आला. लोक अहवालाला टाळ्या देत होते. त्यात ताईंच्या सुनेच्या, वैशालीच्या दोन ओळी येऊन पडल्या, आणि न वाचता टाळ्या देणाऱ्यांच्या टाळ्या त्या ओळींखाली गेल्या. मग पुसापुशी सुरू झाली. खोडलेल्या मेसेजांची ती रांग पाहून सगळ्यांत जास्त कुंदाताईच हसल्या असत्या.

संस्था दादरची. एका कापड दुकानाच्या वरची खोली, बहुतेक निवृत्त शिक्षक, थोडे बँकवाले. जिथे लढाई किंवा भूकंप शाळा बंद पाडतो, अशा बऱ्याच देशांतल्या मुलांना इंटरनेटवरून शिकवायचं, कुठे पुस्तकं पाठवायची, कुठे भांडणाऱ्या दोन गावांतल्या मुलांनी एकमेकांना चित्रं पाठवावीत म्हणून मध्यस्थी करायची, असं काम. ब्रीद अर्थातच शिक्षण आणि शांतता. मी आयुष्यभर गिरगावातल्या छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे मोठ्या टायपातल्या शब्दांवर माझा विश्वास कमीच. त्यात आमच्या बॅनरवरचं शांततेचं कबूतर लालबागच्या ज्या पेंटरने काढलं, त्याचा हात गरुड काढण्यात बसलेला. ते कबूतर कायम झडप घालायच्या बेतात दिसायचं. कुंदाताई म्हणायच्या, "असू दे रे, निदान जागं तरी आहे."

त्या परबांच्या. करी रोडच्या चाळीत आयुष्य गेलं, चाळीचा टॉवर झाल्यावर एकविसाव्या मजल्यावर गेल्या. महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि काही महिन्यांतच घरात बसून कंटाळल्या. संस्थेत आल्या तेव्हा अध्यक्षांनी त्यांना 'जागतिक शांततेच्या सैनिक' म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, वर्ग कितीला असतो आणि मुलं कितवीतली आहेत. त्यांना जो वर्ग मिळाला त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. तिकडच्या मंडळींनीच तशी विनंती केली आहे. एक शाळा, तळघरातली एक खोली, भिंतीवर लावलेला एक पडदा आणि शनिवारी दुपारी त्या पडद्यावर कुंदा टीचर. मुलांना ताईंच्या मागच्या खिडकीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांत फार रस. आज निळी साडी का नाही, असं विचारत. ताई तेही इंग्रजीत पुन्हा नीट विचारायला लावत.

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी, वर्ग चालू असताना, ते चेहरे जागीच थिजले आणि मग पडदा काळा झाला. ताईंना वाटलं, नेट गेलं. दोन दिवसांनी त्या गावाचं नाव आपल्याकडच्या बातम्यांत पहिल्यांदाच आलं... शाळा उरली की नाही, मुलं कुठे गेली, कोणी सांगू शकत नव्हतं. ताईंनी शनिवार सोडला नाही. वर्गाच्या वेळेला कॉम्प्युटर लावायचा, चांगली साडी नेसून समोर बसायचं, मांडीवर परात घेऊन मेथी निवडायची. एकदा मी गेलो होतो. पलीकडे कोणीच नव्हतं, तरी त्या माझ्याशी अगदी खालच्या आवाजात बोलत होत्या, पलीकडे कोणी झोपलं असावं तशा. मीही तसाच बोलू लागलो. तो तास संपून रस्त्यावर आलो, तरी माझा आवाज काही वर चढेना.

मग वार्षिक सभा आली. कार्यक्रमपत्रिकेत दीपप्रज्वलनानंतर एक नवा मुद्दा होता : 'दिवंगत बालमित्रांना आदरांजली.' अध्यक्ष माणूस वाईट नाही. पण न कळलेल्या गोष्टीपेक्षा उरकलेली गोष्ट त्यांना बरी वाटते. आपण दोन मिनिटं उभे राहू या, असं ते म्हणाले, आणि सभागृह सवयीने उठलं. कुंदाताई पहिल्या रांगेत बसून राहिल्या. अध्यक्षांना वाटलं, गुडघे दुखत असतील. त्यांनी खुणेनेच बसा, बसा असं केलं.

"गुडघे ठीक आहेत," ताई म्हणाल्या. "माझा वर्ग चालू आहे. चालू वर्गाला आदरांजली वाहायची पद्धत कधीपासून?"

अध्यक्ष म्हणाले, ताई, भावना समजतात, पण सहा महिने झाले. ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावल्या की त्या मालवणीत येत. "आणि तू कित्याक उभो रवलंस? बस खाली." मी बसलो. मग आणखी दोघे-तिघे बसले. उभ्या राहिलेल्यांची फार पंचाईत झाली. त्या वर्षीच्या अहवालात तो वर्ग बंद वर्गांत गेला नाही, चालू वर्गांत राहिला. प्रुफं मीच तपासली.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत साध्या तापाचा न्यूमोनिया झाला आणि ताई गेल्या. दिवस झाल्यावर वैशालीचा फोन आला. "काका, आईंनी हॉस्पिटलात एवढंच सांगितलंय, शनिवारी कॉम्प्युटर लावा. तुम्ही येऊन बसाल?"

मी म्हटलं, "अगं, पण मुलं येतात कुठे?"

"तेच ना," ती म्हणाली. "आणि आली तर?"

म्हणून मी जाऊ लागलो. ताईंची खुर्ची, ताईंची खिडकी, समोर काळा पडदा आणि त्यात मी. वैशाली चहा ठेवून पाय न वाजवता निघून जायची. कोणीच येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटायचं...

मागच्या शनिवारी मुलं आली. एका फोनभोवती दाटीने बसलेले पाच-सहा चेहरे, मागे तंबूचं कापड हलत होतं. मोठी मुलगी, हनान तिचं नाव, तिने आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, टीचर कुठे आहेत. मी सोप्यात सोप्या इंग्रजीत सांगितलं. तिने ते लहानांना त्यांच्या भाषेत सांगितलं. कोणी रडलं नाही. त्या मुलांना अशी बातमी ऐकायची सवय होती, हे मला फार उशिरा कळलं. मी म्हटलं, आज वर्ग नको. हनान म्हणाली, आधी हजेरी.

ती तोंडपाठ नावं घेऊ लागली. बसलेल्यांची घेतली, मग नसलेल्यांचीही. उत्तर आलं नाही की ती थांबायची, माणसाला दुसऱ्या खोलीतून यायला वेळ लागेल इतकं, आणि मग पुढचं नाव. अशी नावं बरीच होती. सगळ्यांत शेवटी ती म्हणाली, "कुंदा टीचर."

आणि ती सगळी वाट पाहू लागली. मी हळूच खुर्ची बाजूला ओढून पडद्याबाहेर झालो. त्यांना आता फक्त खिडकी दिसत होती.