मिस्त्रीकाकांचे मोझांबिक

"ओला आहे जी. थांबा थोडं." धानाचा दाणा पुढच्या दातांत धरून तोडायचा, तुकडा जिभेवर फिरवायचा आणि मग एवढेच म्हणायचे, ही मिस्त्रीकाकांची पद्धत. दाणा कट्‌कन तुटल्याशिवाय ते राइस मिलचा पट्टा सुरू करू देत नसत. ओल मोजायचे यंत्र आल्यावरही आधी दाणा, मग यंत्र.

गोंदियाहून फुलचूरकडे जाणाऱ्या वाचकांनी त्यांना पाहिले असेल. खाकी शर्ट, खिशात पेन्सिल, दुपारी चारला आमच्या दैनिकाच्या कार्यालयासमोरच्या टपरीवर चहा. चाळीस वर्षे मिलच्या आवाजात काढल्यामुळे ते मोठ्याने बोलत.

त्यांचा मुलगाही मिस्त्रीच. मोझांबिकमध्ये एका भारतीय मालकाने तांदळाची मिल उभारली आणि यंत्रे बसवायला त्याला बोलावले. कधी यायचे ते तूच ठरव, असे सांगितले. मुलाने वडिलांना विचारले.

"जानेवारीत जा," काका म्हणाले. "कोरडी हवा, कोरडं धान."

गोंदियातली जानेवारी तशीच असते.

मार्चमध्ये तिथे समुद्रावरून चक्रीवादळ आले. मुलाचा फोन लागेना. तेव्हा काका पहिल्यांदा जिना चढून आमच्याकडे आले. त्या दिवशीच्या अंकात वादळाच्या चार ओळी होत्या.

"चारच काऊन?"

"जागा नव्हती, काका."

"माणसं राहतात जी तिथे."

मग ते रोज चारला वर येऊ लागले. सोळाव्या दिवशी मालकाचा फोन आला. पुराच्या पाण्याने गोदामाची भिंत बसली होती. मुलगा आत होता.

त्यानंतर बरेच महिने काका दिसले नाहीत. पुढच्या जानेवारीच्या सुरुवातीला आले, ते शाळेची वही घेऊन. नातीचे भूगोलाचे पुस्तक आणि तिचा मोबाइल यांवरून त्यांनी त्या देशाचा आढावा पेन्सिलीने लिहून काढला होता. खुर्ची ओढून ते सांगू लागले.

"पोर्तुगीज तिथे पाचशे वर्षांआधी आले. आपल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी सुटले ते. मग आपसातच लढले. शेतात सुरुंग पुरून ठेवले होते जी. धान लावायले कोण उतरेल?" वहीचे पान उलटले. "पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. जून-जुलै कोरडे. सगळं आपल्या उलटं. हे मले पोरगा गेल्यावर समजलं."

"काका, वादळापुढे तुम्ही काय करणार होता?"

"दाणा न चावता पट्टा सुरू केला ना जी मी."

त्यांनी वही पुढे सरकवली.

"मुर्री गावची दोन पोरं त्याच मिलवर जायले निघाली आहेत, याच महिन्यात. त्यांच्या मायबापाले सांगितलं, तर म्हणतात बुढा दुःखानं बोलून राहिला. पेपरात आलं तर मानतील."

मी मजकूर घेतला. सनावळी तपासली, शुद्धलेखन सुधारले, रविवारच्या पुरवणीत लावला. शनिवारी एक जाहिरात आली आणि मजकूर नऊ ओळींनी जास्त झाला. बातमी खालून कापायची, असे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते. महत्त्वाचे ते वर असते. मी खालच्या नऊ ओळी काढल्या.

सोमवारी काका आले. अंक टेबलावर पसरून त्यांनी मजकुराच्या शेवटी बोट ठेवले.

"पोर्तुगीज सगळे आले. शेवटचं नाही आलं."

"पुढच्या रविवारी घालू."

"पोरं बुधवारी निघून राहिली," काका म्हणाले. मागवलेला चहा तसाच ठेवून ते जिना उतरले. पुन्हा वर आले नाहीत. टपरीवर मात्र दिसत. मी नमस्कार केला की मान हलवत.

दोन्ही मुले त्याच आठवड्यात गेली आणि वर्षभराने सुखरूप परतली. पुढे काका गेले, तेव्हा त्यांतला एक मातीला आला होता. सरणाला हात लावून तो बाजूला उभा राहिला.

वही माझ्याकडेच आहे. कापलेल्या ओळी अशा:

"तिकडे जायचं असल तर मे महिन्यानंतर जावं. जानेवारीत तिथे भर पाऊस. मी कोणाले विचारलं नाही, पोरगा पाठवून दिला. तुम्ही विचारा."